डासाचे औषध, आजोबांचा चष्मा आणि गॉगलची कपात

दसऱ्याच्या आदल्या रात्री दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही प्रथमोपचाराचा टेबल लावतो. मीठ-साखरेचे पाणी, चालून आलेल्या पायांच्या फोडांना पट्टी, ताप आणि बीपी मोजणे, एवढाच आमचा पसारा. यवतमाळ, वाशिम, नांदेडकडून आलेली माणसे रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, मिळेल त्या ओट्यावर अंथरूण टाकतात. पाऊस नुकताच सरलेला असतो, डबकी भरलेली असतात, आणि संध्याकाळ झाली की डास घोंगावू लागतात.

काही वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या टेबलावर डास पळवण्याच्या द्रवाच्या बाटल्या दान दिल्या. चांगल्या जहाल. आम्ही खूश. येईल त्याच्या तळहातावर चार थेंब टाकत गेलो. यवतमाळकडचे एक आजोबा आले. त्यांनी हाताला, मानेला, कपाळाला औषध चोळले आणि त्याच हाताने चष्मा काढून, पुसून खिशात ठेवला. सकाळी ते परत आले. चष्म्याची काडी चिकट झाली होती, तिच्यावर अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या आणि एका काचेवर धुके धरल्यासारखा डाग होता. पाण्याने जाईना, साबणाने जाईना.

"सिस्टर," आजोबा म्हणाले, "माह्या बापानं अंगठा सोडून सही शिकली. अन् तुमच्या औषधानं माह्या चष्म्यावर पुन्हा अंगठा उठवला!"

आजूबाजूचे हसले, तेही हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. ते दरवर्षी पुस्तके घ्यायला येतात. त्या वर्षी स्टॉलवरची पुस्तके त्यांना नातवाकडून वाचून घ्यावी लागली. चूक औषधाची नव्हती, आमची होती. नर्सिंगच्या शिक्षणात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की औषध देताना ते कसे वापरायचे हे सांगितले नाही, तर अर्धेच औषध दिले. त्या रात्री आम्ही अर्धेच दिले. म्हणून हा लेख.

त्या बाटलीवर डायइथाइल टोल्युअमाइड असे लांबलचक नाव होते. जगभर त्याला 'डीट' म्हणतात. १९४६ मध्ये अमेरिकी लष्करासाठी ते तयार झाले आणि १९५७ पासून सामान्य लोकांच्या वापरात आले. डासांना माणसाच्या श्वासाचा, घामाचा वास लागतो आणि ते त्या मागावर येतात. डीट त्या मागाचा घोटाळा करते. डास मरत नाही, त्याला तुमचा पत्ता सापडत नाही. हे काम ते फार चांगले करते, म्हणून इतकी वर्षे टिकून आहे.

पण डीट हे तेलकट द्रावक आहे. नेलपॉलिश काढायच्या द्रवात रंग विरघळतो, तसे डीटमध्ये काही प्रकारचे प्लॅस्टिक, रंग आणि वॉर्निश मऊ पडतात. न फुटणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचा, चष्म्याच्या काही प्लॅस्टिक फ्रेमी, स्वस्त घड्याळाची प्लॅस्टिकची काच, पेनची दांडी, रेक्झिनची पर्स, रिक्षाची सीट, पीव्हीसीचा रेनकोट, नखांचा रंग, यांवर त्याचा परिणाम होतो. कपड्यांत रेयॉन आणि ताणले जाणारे स्पॅन्डेक्स, म्हणजे लेगिंग्जमध्ये असते ते, यांना धोका. सुती, लोकरीच्या आणि नायलॉनच्या कापडाला ते काही करत नाही. म्हणजे सुती लुगडे, धोतर, खादीचा सदरा सुरक्षित. सुनेच्या लेगिंग्जची काळजी घ्यायची.

इथे एक प्रश्न हमखास येतो. एका बैठकीत दहावीतल्या मुलीने तो विचारला आणि आम्हाला तिचा अभिमान वाटला: "मग ज्या बाटलीत हे भरलंय, ती बाटली का नाही विरघळत?" कारण सगळे प्लॅस्टिक एक नसते. या औषधाच्या बाटल्या बहुधा पॉलिइथिलीनच्या असतात, आणि पॉलिइथिलीनला डीट काही करत नाही. दुधाची पिशवीही पॉलिइथिलीनचीच. म्हणून प्रवासात हे औषध न्यायचे असेल तर धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा. चष्म्याच्या घरात नको, मोबाईलच्या खिशात नको. आणि हौसेने दुसऱ्या सुंदर बाटलीत ओतून ठेवू नका. ती बाटली गळाली तर पिशवीतले सगळे चिकट होईल. शिवाय लेबल नसलेली बाटली घरातल्या मुलाच्या हाती लागणे हा वेगळाच धोका.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर असतो आणि तो आया विचारतात. प्लॅस्टिक विरघळवणारी वस्तू आमच्या कातडीचे काय करील? भीती रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. प्लॅस्टिक आणि कातडी यांची घडण वेगळी. खोबरेल तेलाने रबर खराब होते, म्हणून तेल अंगाला लावणे कुणी सोडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ आणि २०१४ मध्ये डीटचा आढावा घेतला आणि लेबलवरच्या सूचनांप्रमाणे वापरल्यास आरोग्याला काळजीचे कारण नाही, असेच सांगितले. थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवर मलेरियाच्या भागातल्या गरोदर बायांना रोज हे औषध लावायला देऊन अभ्यास झाला आहे. त्यात आईवर किंवा बाळावर वाईट परिणाम दिसला नाही. गरोदरपणातला मलेरिया काय करतो हे आम्ही वॉर्डात पाहिले आहे. रक्त उतरते, बाळ कमी वजनाचे होते, कधी राहत नाही. त्याच्याशी तुलना केली तर निवड सोपी आहे. मात्र दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे औषध लावायचे नाही, त्याला मच्छरदाणी.

आता टक्केवारी. दुकानदार सांगतो, "हे ऐंशी टक्केवालं घ्या, जोरदार आहे." जोर वगैरे काही नाही. टक्केवारीवरून औषध किती वेळ टिकेल ते कळते. दहा टक्क्यांचे साधारण दोन तास, वीस-पंचवीस टक्क्यांचे चार-पाच तास. पन्नास टक्क्यांच्या वर गेल्याने फारसा फायदा वाढत नाही, चष्मा आणि रेनकोट खाण्याची ताकद मात्र वाढते. मुलांसाठी तीस टक्क्यांच्या वर जाऊ नका. मोठ्यांनाही वीस ते तीस पुरेसे. आम्ही त्या रात्री वाटले ते जहाल होते, आणि फुकटचे म्हणून आम्ही लेबल वाचले नव्हते. दानात आलेल्या वस्तूची चौकशी करायची नाही, ही सवय आपल्या संस्थांनी सोडायला हवी.

आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये डीट नसते, त्याच्या कुळातले डायइथाइल बेंझामाइड असते. लेबल वाचल्याशिवाय कळत नाही, आणि ते बारीक अक्षरांत, इंग्रजीत असते. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. कुळ एकच असल्याने चष्मा-मोबाईलच्या बाबतीत हीच सावधगिरी बाळगावी, असे आमचे मत. इकारिडिन किंवा पिकारिडिन नावाचा एक वेगळा घटक आहे. तो डासांवर डीटच्या तोडीचा आहे, फारसा वास येत नाही आणि प्लॅस्टिकला इजा करत नाही. ज्याच्या कामात गॉगल, हेल्मेटची काच, रेनकोट यांचा सतत संबंध येतो, त्याने हाच मागावा. दुकानात नसेल तर मागवायला सांगा.

ही माहिती इंग्रजी पुस्तकांत असते, पण ती डोंगर चढायला जाणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. त्यांचा तंबू, त्यांची दुर्बीण, त्यांचे महागडे जॅकेट. आमची माणसे हौसेने उघड्यावर राहत नाहीत. धानाच्या रोवणीला चिखलात उभी असलेली बाई, जंगली डुकरांपासून पीक राखायला रात्री मचाणावर बसलेला शेतकरी, पहाटे साडेपाचला हातगाडी घेऊन निघालेली सफाई कामगार, पुलाखाली झोपणारा बिगारी. यांच्याजवळचे सामान म्हणजे डोळ्यांच्या शिबिरात मिळालेला एकच चष्मा, एकच रेनकोट, हप्त्यावरचा मोबाईल. आणि अंथरायला जुने फ्लेक्स. फ्लेक्सही पीव्हीसीचेच असते. औषध लावलेल्या दंडाखाली ते चिकट होते, शाई सुटू शकते. निवडणुकीत हात जोडून उभे असलेले साहेब असे अंगाला लागले तर चालेल का, ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही सांगू की फ्लेक्सवर आधी सुती चादर टाका.

सामान एकच असले की नुकसानीचा अर्थ बदलतो. चष्मा गेला तर माणूस चष्मा वाचवतो आणि औषध सोडतो. कुठलाही शहाणा माणूस तेच करील. त्याला अडाणी म्हणणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर आमचा राग आहे, आणि एकेकाळी आम्हीही त्यांच्यातल्याच होतो.

मग लावायचे कसे? आधी चष्मा, घड्याळ, मोबाईल बाजूला कापडात ठेवा. सुपारीएवढे मलम किंवा थोडासा द्रव तळहातावर घ्या आणि उघड्या अंगालाच लावा: दंड, पोटऱ्या, घोटे, पावलाची वरची बाजू, मान, कान. घोटे आणि पाऊल लोक विसरतात आणि दिवसा चावणारे डास तिथेच चावतात. चेहऱ्यावर फवारा मारू नका, हातावर घेऊन डोळे-तोंड टाळून चोळा. झाकलेल्या अंगाला, कपड्याच्या आत, जखमेवर, खरजेवर लावायचे नाही. लहान मुलांना मोठ्यांनी लावावे, पण त्यांच्या हातांना नको. मुलांचे हात तोंडात जातात. लावून झाले की तळहात साबणाने धुवा. ही पायरी आम्ही त्या रात्री सांगितली नव्हती, आणि आजोबांचा चष्मा तिथेच गेला. पाणी नसेल तर सुती फडक्याने तळहात घासून पुसा आणि अंगावरचे औषध पाच-दहा मिनिटे वाळू द्या. मग चष्मा घाला, तोही कानामागे औषध न लावता. उन्हाचे क्रीम लावत असाल तर ते आधी, डासाचे नंतर. खूप घाम आला, पावसात भिजलात तर पुन्हा लावावे लागते. घरी परत आलात की अंग साबणाने धुऊन टाका आणि ते कपडे धुवायला टाका.

एखाद्या वस्तूला चालेल की नाही याची शंका असेल तर तिच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून तासाभराने बोटाने पाहा. चिकटले तर ती वस्तू लांब ठेवा.

वेळेबद्दल थोडे. रात्री मच्छरदाणीत झोपलो म्हणजे झाले, असे अजूनही पुष्कळांना वाटते. मलेरियाचा डास संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो, हत्तीरोगाचाही रात्री. पण डेंग्यू आणि चिकनगुनियाचा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास दिवसा चावतो, विशेषतः सूर्य उगवल्यानंतरचे दोन-तीन तास आणि मावळण्याआधीचे. म्हणजे सकाळच्या शाळेची वेळ, मिरवणुकीची वेळ आणि झाडलोटीची वेळ.

आता या लेखाच्या खऱ्या कारणाकडे येतो.

एका शहरात सफाईच्या ठेक्यावर असलेल्या बायांबरोबर आम्ही काम करतो. शहराचे नाव सांगत नाही, कारण बाया अजून त्याच ठेकेदाराकडे आहेत. पावसाळ्यात त्यांनी डासांची तक्रार केली. ठेकेदाराने बऱ्याच ओरडीनंतर जहाल द्रवाच्या बाटल्या दिल्या, सूचना एकही दिली नाही. बायांनी हाताला-तोंडाला लावले, त्याच हातांनी सुरक्षेचे गॉगल चढवले. ते गॉगल पॉलिकार्बोनेटचे. पंधरा दिवसांत काचा धुरकट झाल्या, त्यांतून दिसेना. मुकादमाने गॉगल तपासले, "सामान नीट ठेवत नाही" असा शेरा मारला आणि महिनाअखेर प्रत्येकीच्या पगारातून गॉगलचे पैसे कापले. ती रक्कम एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त होती. बायांनी काय केले असेल? औषध बंद केले. बाटल्या घरी ठेवून दिल्या. एकीने गॉगल कपाटात ठेवला, पुन्हा खराब नको म्हणून, आणि उघड्या डोळ्यांनी कचरा उचलू लागली.

पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्या एका ताईला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या, सरकारी दवाखान्यात भरती करावे लागले. ताई वाचल्या, पण त्या दिवसांची मजुरी गेली. डास कामावर चावला की घरी, हे कुणीही सिद्ध करू शकत नाही. ठेकेदाराने नेमके तेच सांगितले आणि त्या एका मुद्द्यावर तो बरोबर होता. पण गॉगल कशाने खराब झाला हे सिद्ध करता येते. आम्ही त्याच्या कार्यालयात गेलो, त्याने दिलेल्या बाटलीतले दोन थेंब त्याने दिलेल्या नव्या गॉगलवर टाकले आणि बसून राहिलो. चहा यायच्या आत काच धुरकट झाली. कपात परत मिळाली. औषध मात्र बंद पडले ते बंदच. "नसती भानगड नको," असे त्याचे उत्तर.

ही भानगड नाही, हक्काची गोष्ट आहे, असे आम्हाला वाटते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कामगारांना काय द्यायचे ते लिहिले होते: गणवेश, चमकणारे जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे, मास्क. यादी चांगली होती, जिथे पाळली गेली तिथे. पण तीत डासांपासून संरक्षणाचे औषध नव्हते. साचलेले पाणी, टायर, नारळाच्या करवंट्या, तुंबलेली गटारे यांच्यात ज्यांनी पहाटेपासून उभे राहायचे, नेमक्या डेंग्यूच्या डासाच्या वेळी, त्यांच्या यादीतून ते औषध सुटले. ते कुणाच्या लक्षात का आले नसेल, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. गटारात उतरणारा आणि कचरा उचलणारा कोणत्या वस्तीतून येतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

आमची मागणी साधी आहे. वीस ते तीस टक्क्यांच्या आतले किंवा पिकारिडिनचे औषध गणवेशाइतकेच सक्तीचे असावे. त्याबरोबर हजेरीच्या ठिकाणी साबण आणि पाणी असावे, कारण हात धुवायची सोय नसेल तर औषध देणे म्हणजे गॉगल खराब करायला देणे. औषध लावून वाळेपर्यंतची दहा मिनिटे कामाच्या वेळेत धरावीत. हातमोजे आणि गमबूट त्यानंतर चढवावेत. ओल्या औषधावर मोजा चढवला तर आत वाफ धरून औषध कातडीत जास्त शिरते आणि मोजाही खराब होऊ शकतो. जिथे मोजा झाकतो तिथे औषध लावायचेच नाही. आणि मालकाने दिलेल्या औषधाने मालकाने दिलेली वस्तू खराब झाली, तर त्याची किंमत कामगाराकडून घ्यायची नाही.

पगारातून कपात करण्याबद्दल कायदा काय सांगतो, हे मुकादमाला ठाऊक नसेल, आपल्याला असावे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून तत्त्व हेच आहे: वस्तू कामगाराच्या ताब्यात खास दिलेली असली पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेले असले पाहिजे, आणि कपात करण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिलेली असली पाहिजे. त्या बायांपैकी एकीलाही कुणी विचारले नव्हते. परस्पर पैसे कापले गेले असतील तर पगाराची पावती जपून ठेवा, खराब झालेली वस्तू फेकू नका आणि औषधाची बाटलीही ठेवा. आमच्या प्रकरणात बाटली नसती तर आम्ही काहीच दाखवू शकलो नसतो.

काही भाऊ आम्हाला म्हणतात, "सिस्टर, रसायनं कशाला, आपला कडुनिंब आहे ना." कडुनिंबाच्या तेलाचा, सिट्रोनेलाचा थोडा उपयोग होतो, पण तो लवकर उतरतो, तास-दोन तासांत पुन्हा लावायला कोणती सफाई कामगार काम थांबवू शकते? शिवाय कडुनिंबाच्या तेलाचा डाग सुती कापडावरून निघत नाही, हेही सामानाचेच नुकसान. डास पळवणारे म्हणून विकले जाणारे मनगटपट्टे मुलांना घालून निर्धास्त राहू नका. वस्तीत अंड्याचे ट्रे जाळतात, त्या धुराने डासांपेक्षा दम्याचे रुग्ण जास्त हलतात. आणि घासलेट किंवा फिनेल अंगाला चोळणे, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. भाजल्यासारखी कातडी घेऊन माणूस दवाखान्यात येतो. ते कधीही करू नका.

गवतात बसणाऱ्या-झोपणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले होते. गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. ताप, डोकेदुखी, आणि काहींच्या अंगावर काख-जांघेसारख्या झाकलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली. ती खपली दिसली तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. गवतात काम करणाऱ्यांनी घोट्यांना औषध लावावे, पूर्ण पायघोळ घालावी आणि परत आल्यावर आंघोळ करून कपडे बदलावेत.

कपड्यांना लावायचे परमेथ्रिन नावाचे औषध वेगळे असते. ते कापडावरच फवारून वाळवायचे, अंगाला कधीच नाही. ते कापड, प्लॅस्टिक खराब करत नाही. पण ओले असताना मांजरासाठी आणि पाण्यातल्या माशांसाठी घातक आहे, तेव्हा फवारणी घराबाहेर आणि नाल्या-तळ्यापासून दूर. गडचिरोलीसारख्या भागात सरकार देते त्या औषधी मच्छरदाण्यांतही याच जातीचे औषध धाग्यात असते. त्या साधारण तीन वर्षे, वीसेक धुण्यांपर्यंत टिकतात, म्हणून दर आठवड्याला धुवू नका, ब्लीच लावू नका आणि सावलीत वाळवा. मासे धरायला तर मुळीच वापरू नका.

एका विहारातल्या चर्चेत एक उपासिका म्हणाल्या होत्या की आपण पहिले शील घेतो, मग डासांवर औषध कसे? आम्ही त्यांना सांगितले की हे औषध मारत नाही, फक्त दूर ठेवते. शिवाय भिक्खूंनी चीवर कशासाठी वापरावे याची जी कारणे सब्बासव सुत्तात येतात, त्यांत थंडी, ऊन, वारा यांच्याबरोबर डास-गोमाश्याही आहेत. अंग झाकून डासांपासून स्वतःला राखणे तथागतांना गैर वाटले नव्हते. बाई म्हणाल्या, "मग मी पूर्ण बाह्यांचं पोलकं शिवते, औषध कमी लागेल." हे आम्हाला सुचले नव्हते. जेवढे अंग सुती कापडाने झाकले, तेवढे औषध कमी, खर्च कमी आणि चष्म्याला धोकाही कमी.

यंदा आमच्या टेबलावर वीस टक्क्यांचे औषध असेल, साबण असेल आणि पाण्याची बादली. शेजारी सुती कापडाने आच्छादलेला एक स्टीलचा ट्रे ठेवू, चष्मे, घड्याळे आणि मोबाईल ठेवायला, आणि त्यावर लक्ष ठेवायला एक जण बसवू. आधी वस्तू ट्रेमध्ये, मग औषध, मग हात धुणे, मग वस्तू परत. रांग लांब होईल, थोडा धीर धरा. ज्यांच्या चष्म्यावर अंगठा उठला ते आजोबा दोन वर्षे दिसले नाहीत. कुणी यवतमाळकडून येणार असेल आणि ही हकीकत त्यांना ओळखीची वाटत असेल, तर त्यांना टेबलावर घेऊन या. त्यांच्यासाठी नवा चष्मा बनवून द्यायचे आमच्याकडे राहिले आहे.